महादूच्या शेतातली फरशी

लेकीच्या हळदीला चार दिवस राहिले होते आणि महादू तरेच्या शेतात मंडपाचा खांब काही केल्या उतरत नव्हता.

सकाळी आठची वेळ. महादू बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून चहा पीत होता आणि हुकूम सोडत होता. स्टेज इकडे, डीजे तिकडे, पाण्याचा टँकर त्या आंब्याखाली. हुकूम सोडायची त्याला पहिल्यापासून भारी हौस. ऐकून घ्यायला समोर धम्मपाल होता. धम्मपाल गावातलाच, मंडप-डेकोरेशनचा धंदा, स्वतःचा टेम्पो, हाताखाली पाच-सहा माणसं. भिवंडी तालुक्यात शेलारपासून काल्हेरपर्यंत कुठे हळद असो, साखरपुडा असो, भीमजयंती असो, खांब बहुतेक त्याचेच. धंदा एवढा वाढला, तरी प्रत्येक मंडपाचे पहिले खड्डे तो अजून स्वतःच्या हातांनी घ्यायचा.

त्याने पहार मारली. वीतभर माती निघाली आणि पुढे पहार खण्णकन वाजली. दगड असेल म्हणून तो दोन हात बाजूला सरकला. तिथेही वीतभर माती, आणि पुन्हा खण्ण. तिसऱ्या, चौथ्या खड्ड्याचीही तीच गत. मग त्याने चारही खड्ड्यांत बादली बादली पाणी ओतलं, "भिजू दे जरा, मऊ पडल," म्हणाला आणि खालच्या शेतात उतरला.

खालचं शेत हौसाचं. हौसा म्हणजे महादूच्या थोरल्या चुलतभावाची बायको. भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नाही, एकटी बाई, आणि शेत म्हणाल तर एक चिंचोळी पट्टी. महादूचं शेत हजार माणसांना पुरेना, म्हणून पंगतीचा मंडप तिच्या पट्टीत येणार होता. तिथे धम्मपालने पहार मारली तशी ती एवढी सरळ आत गेली की त्याचा तोलच गेला. चार दणक्यांत हातभर खड्डा. सवयीने त्याने तिथेही बादली ओतली. बादली खाली ठेवेपर्यंत पाणी गडप.

तासाभराने तो परत वर आला. महादूच्या चारही खड्ड्यांत पाणी होतं तेवढंच होतं. एकात आंब्याचं पान पडून तरंगत होतं.

"महादूकाका, तुमच्या शेताखाली फरशी घातलीय काय कुनी?"

"फरशी कसली रे?"

"मग ट्रॅक्टरची असल. मी तालुकाभर खड्डे घेतो ना काका. जिथं वर्षानुवर्षं मोठी मशीन फिरते, तिथं माझी पहार अशीच वाजते. वरची वीतभर माती भुसभुशीत, खाली दगड. पाण्याला आत जायला वाटच ऱ्हात न्हाय, बिचारं वरच्या वर पळून जातं." एवढं बोलून त्याने हात झटकले. "टेन्शन घेऊ नका, ड्रिल मशीन आनतो. दुपारपर्यंत खांब उभे करून देतो."

त्याच्या बोलण्यात खोच नव्हती की टोमणा नव्हता. टेम्पोचं पंक्चर सांगावं तसं त्याने सांगितलं आणि मशीन आणायला गेला. महादू मात्र खुर्चीतून उठेना. हातातला दुसरा चहा गार झाला, त्यावर साय धरली, तरी तो त्या पाण्याकडे बघत राहिला.

आता कुणी म्हणेल, यात एवढं काय? जमीन कडक निघाली, मशीन आणलं, काम झालं. पण महादूला जे कळलं ते कळायला त्याला दोन वर्षं उशीर झाला होता, आणि त्या दोन वर्षांत त्याने एका बाईच्या आयुष्याची माती केली होती.

महादू हा मुळात बैलांच्या मागे चालणारा माणूस. बाप गेला तेव्हा दोन बैल, एक लाकडी नांगर, ही दोन एकर आणि हायवेलगतचा एक तुकडा वाट्याला आला. आसपासच्या गावांत गोडाऊनं झाली, लोकांनी जमिनी दिल्या, गाड्या घेतल्या, बंगले बांधले. महादूने तो हायवेलगतचा तुकडा दिला, आणि आलेल्या पैशातून बंगला नाही, मोटार नाही, तर ट्रॅक्टर घेतला. साधासुधा नव्हे, तालुक्यातला सगळ्यात भारी. मागची चाकं त्याच्या छातीएवढी. दसऱ्याला त्याला हार घालायचा, गाडी धुवावी तसा रोज धुवायचा, आणि मागे माती घुसळणारा रोटाव्हेटर लावून गावची सगळी भातशेती चिखलवायचा. गाव त्याला 'ट्रॅक्टरशेठ' म्हणायचं. वर वर तो "काय रे चेष्टा करता" म्हणायचा, पण आतून फुलायचा. खोटं कशाला बोला?

आणि त्यात वाईटही काही नव्हतं हो. चिखलणीला माणूस मिळत नव्हतं. गावातले तरणे हात सगळे गोडाऊनला, नाहीतर पॉवरलूमवर. महादू सकाळी ट्रॅक्टर घेऊन उतरला की संध्याकाळपर्यंत तीन घरांची शेतं तयार. भात कापायलाही तो बाहेरून मोठं हार्वेस्टर मागवू लागला. आता आपल्याकडे दिवाळीपर्यंत पाऊस जायचं नाव घेत नाही. शेतात पाय टाकला की घोट्यापर्यंत रुतायचा. पण हार्वेस्टरवाल्याचे दिवस ठरलेले. आज नाही म्हटलं तर तो पुढच्या गावाला जाणार. म्हणून ओल्या शेतातच तो रणगाडा घालायचा, त्याच्यामागे भाताने भरलेली ट्रॉली फिरवायची. हातभर खोल चाकोऱ्या पडायच्या. त्या रोटाव्हेटरने दोन फेऱ्यांत बुजायच्या आणि शेत वरून पुन्हा छान दिसायचं. खाली काय झालंय ते कोण बघतंय?

भाताला त्याचं काही वाटलं नाही. भाताला पाणी साचलेलंच हवं. फटका बसला तो वालाला. भात निघालं की त्याच शेतात वाल टोचायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. वालाला पाणी द्यावं लागत नाही. पावसाने जमिनीच्या पोटात जी ओल ठेवलेली असते, तिच्यावर तो खाली खाली मुळं सोडत माघापर्यंत शेंगा देतो. महादूचा वाल म्हणजे गावात नाव होतं. आणि भारी ट्रॅक्टर आल्यापासून तिसऱ्या वर्षी तो वाल पौषातच पिवळा पडला. चौथ्या वर्षी तर फुलावर येण्याआधीच करपला. गावभर शेंगा वाटणाऱ्या महादूवर भिवंडीच्या धामणकर नाक्यावरून पावशेर वाल विकत आणायची पाळी आली. कमळाने, म्हणजे त्याच्या बायकोने, ती पिशवी बघितली आणि तोंडाला पदर लावला. हसायला की रडायला, ते तिचं तिलाच ठाऊक.

नेमकी त्याच वर्षी हौसाने तिच्या बावीवर मोटर बसवली होती. ही बाव, म्हणजे विहीर, महादूच्या शेताच्या पायथ्याशीच आहे, हौसाच्या सासऱ्याने दगडात बांधलेली. त्या पाण्यावर ती मुळा, मेथी, थोडी भेंडी करायची आणि टोपली घेऊन भिवंडीत विकून यायची. तिचं सगळं पोट त्यावर. वय झालं, रहाट ओढवेना, म्हणून बाईने छोटीशी मोटर घेतली.

झालं. महादूच्या डोक्यात पक्कं बसलं की आपली ओल जाते कुठे, तर ती या मोटरीत. वरच्या शेतातलं पाणी खालची बाव ओढते, मग वर वाल करपणार नाही तर काय होणार? हिशेब इतका सरळ दिसला की दुसरं काही बघायची त्याला गरजच वाटली नाही. आपल्या ट्रॅक्टरकडे बोट वळेल असं तर त्याच्या स्वप्नातही आलं नसतं.

त्याने गावकी बोलावली. गावदेवीच्या देवळापुढच्या मंडपात सगळी पुरुषमंडळी बसलेली, समोर चांगदेव, गावकीचा प्रमुख, आणि एका बाजूला खांबाजवळ हौसा एकटी उभी. ती शांतपणे म्हणाली, "मोटर दिवसाला एक तास चालते, चार वाफ्यांपुरती. एका तासात तुमच्या दोन एकराची ओल कशी संपल, भावजी?" प्रश्न बरोबर होता. उत्तर नसलं की माणूस आवाज चढवतो, तसा महादूने चढवला. आयुष्यात पहिल्यांदा तो वहिनीशी एकेरीवर आला. "तू मला शेती शिकवू नको! चोरटी हायस तू, पानी चोरतेस! दादा असता तर त्यानं तुला उभी केली असती का दारात?"

हौसाने देवीपुढच्या नारळावर हात ठेवला. "मी कुनाचं पानी चोरलं न्हाय."

"खोटी शपथ हाय," महादू म्हणाला.

पाच मिनिटांत निकाल लागला. मोटर बंद. समोर बसलेल्या अर्ध्या लोकांची शेतं महादूच्या ट्रॅक्टरखाली, त्याच्याविरुद्ध बोलणार कोण? दुसऱ्या दिवशी हौसाने स्वतःच दोर लावून मोटर वर काढली. रहाट ओढून चार दिवस बघितलं, मग तेही सोडलं. पन्नाशी उलटलेली बाई, अंगात निळा एप्रन घालून काल्हेरच्या एका गोडाऊनला खोक्यांना चिकटपट्ट्या मारायला जाऊ लागली. नळावर बायका तिला जागा द्यायच्या, पण बोलायचं थांबायचं. चोर हा शब्द एकदा चिकटला की धुऊन जात नाही.

आणि मोटर बंद होऊनही महादूचा वाल करपलाच. एकदा नव्हे, सलग दोन वर्षं. लेकीच्या हळदीला ऐन माघात एवढं मोकळं शेत मिळालं ते त्यामुळेच. तरी या गृहस्थाला शंका आली नाही. "बाव तिथं हाय तवर पानी खेचनारच," असं तो म्हणायचा.

तर असा तो महादू, गार चहा हातात धरून, चार खड्ड्यांतल्या पाण्यापुढे बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपाची माणसं यायच्या आत तो एकटाच टिकाव घेऊन शेतात गेला. मनात अजून एक चोरटी आशा होती, की धम्मपालचे खड्डे बांधाजवळचे, शेताच्या मध्यावर तसं नसेल. मध्यावर त्याने टिकाव घातला. वीतभर खाली राखाडी रंगाचा थर लागला. टिकावाच्या दणक्याने त्याचे सपाट तुकडे उडाले. एक तुकडा हातात घेऊन त्याने बघितला. त्यात भोक नाही, गांडुळाची वाट नाही, खेकड्याचं बीळ नाही. करपलेल्या वालाचं एक खोड बाजूला उभं होतं, ते त्याने मुळासकट उपटलं. मूळ वीतभर सरळ खाली गेलं होतं, तिथे अडलं होतं, आणि मग आडवं वळून बिचारं वाट शोधत बोटभर जाऊन सुकलं होतं.

महादू ते मूळ हातात धरून खाली बसला. शरमेने त्याची कानशिलं तापली. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, तरी त्याने मान खाली घातली. वहिनी नारळावर हात ठेवून उभी होती, आणि आपण म्हणालो खोटी शपथ. देवीच्या दारात म्हणालो. थोरली वहिनी आईच्या जागी, असं आपलीच आई सांगायची. आणि ही बाई कोण? तर लेकीच्या हळदीला जागा हवी म्हणून कमळा तिच्या दारात गेली, कारण त्या भांडणानंतर महादूला जायला तोंड नव्हतं, तेव्हा ती म्हणाली, "निशाची हळद हाय ना? माझ्या मांडीवर वाढलेली पोर ती. खना खुशाल." एका शब्दाने मागचं काढलं नाही.

घरी येऊन त्याने कमळाला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, हातातलं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "म्हंजे पानी अडवलंत तुमी, आनि चोर ठरली ती. चोराच्या उलट्या बोंबा ह्यालाच म्हनतात ना?"

"हळू बोल. लगीनघर हाय."

"तवा हळू बोलला व्हता का?"

"लगीन होऊ दे. मग बघू."

"लगीन होऊ दे!" कमळा कडाडली. "तिच्या शेतात पंगती बसवायच्या, तिच्या बांधावर खरकटं टाकायचं, आनि मग बघायचं? ती पंगत माझ्या घशाखाली उतरायची न्हाय. तुमच्या उतरत असल तर खुशाल जेवा."

बायकोच्या तोंडाला लागून आजवर कुणाचं भलं झालंय? महादू उठला. पण सरळ जाईल तर तो महादू कसला. मानपानाची साडी घेतली, पत्रिका घेतली, वर पेढ्यांचा पुडा घेतला. माफी त्यात कुठेतरी गुंडाळून देता येईल असा त्याचा बेत.

हौसा दुपारच्या ड्युटीला निघायच्या तयारीत होती. त्याने पत्रिका दिली, साडी दिली, आणि भिंतीवरच्या भावाच्या फोटोखाली बसून, चटईच्या काड्या उपसत, कसंबसं सांगितलं. धम्मपालची पहार, राखाडी थर, आडवं वळलेलं मूळ, सगळं. "माझी चूक झाली, वयनी," तो म्हणाला.

हौसाने साडी उचलून बाजूला ठेवली.

"हे घरात बोलताय, भावजी. चोर कुठं म्हनाला व्हता?"

महादूने पेढ्यांचा पुडा उचलून मांडीवर घेतला.

"उद्या चारला गावकी हाय ना? तुमाला पानसुपारी द्यायला जावंच लागल. तिथं बोला."

"उद्या चारला तर तुमी ड्युटीवर असनार."

"हाफ डे टाकते. मी येते, तुमी फकस्त बोला." तिने चपला घातल्या, दाराला कडी लावली. महादूला तिच्याबरोबर बाहेर यावंच लागलं. ती रिक्षाकडे गेली आणि हा पेढ्यांचा पुडा हातात घेऊन रस्त्यात उभा राहिला. तो द्यायचाही राहून गेला होता.

दुसऱ्या दिवशी चारला गावदेवीपुढे गावकी बसली. लग्नघरच्या माणसाने गावकीला पानसुपारी द्यायची, हळदीचं आमंत्रण करायचं, मग कामं वाटून घ्यायची, अशी आपली पद्धत. महादूने तबक फिरवलं, हात जोडून आमंत्रण केलं, "सगळ्यांनी सहकुटुंब यायचं," म्हणाला. आणि बसला.

हो, बसला! बोलायचं ते पोटातच ठेवून खाली बसला. खांबाजवळ हौसा उभी होती, निळा एप्रन तसाच अंगावर. तिने काही खुणावलं नाही, खाकरली नाही. नुसती बघत होती. चांगदेव वाढप्यांची नावं घेऊ लागला. पहिलं नाव झालं, दुसरं झालं. आता उठलो नाही तर परवा हिच्या शेतात बसून जेवणारे हजार लोक आणि आपण, सगळे हिच्या उष्ट्यावरचे, असं काहीतरी त्याच्या मनात आलं, आणि तो उठला.

"मला एक बोलायचं हाय. दोन वर्सांपूर्वी मी हौसा वयनीवर आळ घेतला. मोटरीनं माझ्या शेताची ओल खेचली म्हनून. तो खोटा व्हता." मंडपात चुळबुळ झाली. "माझी जमीन माझ्या ट्रॅक्टरनं दाबलीय. पावसाचं पानी आत शिरतच न्हाय. वालाला ओल न्हाय ती त्यामुळं. वयनीनं शपथ घेतली ती खरी व्हती. मी तिला खोटी म्हनालो."

आता गावकी काय करते? हळहळली? छे! चांगदेव हसला. "अरे महादू, लेकीचं लगीन तोंडावर, आनि कसला जुना उकिरडा उकरतोस? झालं गेलं. बस खाली. हां, तर वाढप्यांत तिसरा कोन?"

"बसत न्हाय."

"अरे, ट्रॅक्टरनं जमीन बिघडते तर मग आमची सगळ्यांची बिघडली म्हन की! आमची शेतं काय बैलांनी चिखलवलीत?"

दोन-चार जण हसले. महादू हसला नाही. या मंडपातलं प्रत्येक शेत त्याने स्वतःच्या हातांनी चिखलवलं होतं. कुणाच्या शेतात ट्रॅक्टर किती ओल्यात घातला होता, तेही त्याला पाठ होतं.

"व्हय," तो म्हणाला. "तुमची बी बिघडली असतील. पहार मारून बघा. मीच बिघडवली. आनि पानी वयनीनं न्हाय चोरलं, मी अडवलं. तिची बाव माझ्या शेतातल्या पाझरावर भरायची, तो पाझर मी बंद केला. चोर म्हनायचं तर मला म्हना."

हसू थांबलं. कुणी पान चघळायचं थांबलं, कुणी टोपी काढून डोकं खाजवलं. आपापल्या शेताचा विचार सगळ्यांच्या मनात आला असणार, कारण नंतर बराच वेळ कुणीच महादूकडे बघितलं नाही. दोन वर्षांपूर्वी याच माणसाच्या खोट्यावर पाच मिनिटांत निकाल देणारी ही गावकी आज त्याचं खरं ऐकून घ्यायला तयार नव्हती. महादूला तेवढ्यातही त्याची लाज वाटली, कारण तेव्हा त्याला ती चटकन ऐकणारी गावकी फार आवडली होती.

शेवटी चांगदेवने घसा साफ केला. "बरं. हौसा, महादू म्हनतो तर तसं. तू मोटर लाव परत. गावकीची कायबी हरकत न्हाय."

हौसा खांबापासून दोन पावलं पुढे आली.

"मोटर लावीन," ती म्हणाली. "पानी?"

चांगदेवने तबकातली सुपारी उचलली.

"बाव यंदा मार्गशीर्षातच आटलीय. तळाला नुसता गाळ हाय. परवानगी दिलीत, बरं झालं. पानी कोन देनार?"

चांगदेवने महादूकडे बघितलं. मंडपातल्या सगळ्यांनी बघितलं. दोन दिवस तो माफीचे शब्द जुळवत होता. पण माफी मागून झाल्यावर पुढे काही द्यावंही लागतं, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. हौसा देवीला हात जोडून घरी गेली.

हळद झाली. जोरात झाली. धम्मपालने ड्रिलने खांब पुरले, डीजे वाजला, हजाराच्या वर पान उठलं. हौसा आली, निशाला हळद लावली, तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, पंगतीला बसून जेवली आणि गेली. नवी साडी तिने नेसली नव्हती. महादू वाढपात फिरत होता, पण तिच्या पानासमोर आला आणि भाताची परात दुसऱ्याच्या हातात देऊन मागे वळला.

लग्न आटोपलं, मंडप उतरला, आणि तिसऱ्या दिवसापासून महादू टिकाव-फावडं घेऊन शेतात उतरला. ट्रॅक्टर शेडमध्ये उभा होता. विकला-बिकला नव्हता, एवढा काही तो साधू झाला नव्हता. पण या शेतात आता तो घालायचा नाही असं त्याने ठरवलं होतं. खालचा तो कडक थर हाताने फोडायचा, चर काढायचे, पावसाचं पाणी आत उतरवायचं. चोपन्न वर्षांचं अंग, सवय स्टिअरिंगची. पहिल्याच दिवशी तळहाताला फोड आले. जाणारे-येणारे थांबून विचारायचे, "काय ट्रॅक्टरशेठ, डिझेल संपलं काय?" तो खाली मान घालून खणत राहायचा. ऐकून घ्यायचं हाच आपला दंड, असं त्याने मनाशी धरलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात त्याला थोडं बरंही वाटत होतं.

हौसा रोज दुपारी त्याच रस्त्याने रिक्षाला जायची. रोज बघायची आणि पुढे जायची. तिची वेळ झाली की महादूचा टिकाव जरा जोरात पडायचा.

नवव्या दिवशी ती थांबली. कुंपणापाशी उभी राहून तिने काढलेला चर या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला. महादू सरळ झाला, कपाळावरचा घाम पुसला. बोलते, आता काहीतरी बोलते.

"भावजी, हे रस्त्याच्या कडंला कशाला खनताय?"

"अं?"

"उतार कुठून हाय? पानी येतं ते तिकडून, वरच्या बांधाकडून. चर काढायचा तर तिथं आडवा काढायला पायजे. हितं खनून पानी रस्त्यावर जाईल." तिने मागे रस्त्याकडे बघितलं. "का मला दिसावं म्हनून?"

महादूला वाटलं, आत्ताच्या आत्ता याच चरात आपल्याला कुणीतरी बुजवून टाकावं. चाळीस वर्षं या शेतात काढलेला माणूस तो. उतार कुठून आहे हे त्याला कळत नव्हतं थोडंच? नऊ दिवस त्याने जाणूनबुजून रस्त्याकडे खणलं होतं, आणि हे आपल्या मनालाही सांगितलं नव्हतं.

"व्हय, वयनी," तो म्हणाला.

हौसाने मान हलवली. रागाने नव्हे, कौतुकाने तर नव्हेच. मग घड्याळात बघितलं आणि लगबगीने रिक्षाकडे गेली.

महादूने टिकाव, फावडं आणि पाण्याची बाटली उचलली, आणि चढाने वरच्या बांधापर्यंत गेला. तिथून रस्ता दिसत नाही.